दुसऱ्या दिवशीची सकाळ

अलिबागहून समुद्राच्या कडेकडेनं गोव्यापर्यंत सायकलनं जायचं ठरलं की गटातला कुणीतरी हमखास म्हणतो, "किनाऱ्याचाच रस्ता आहे, सपाटच असणार." नकाशात तसं दिसतंही: एका बाजूला निळी पट्टी, दुसऱ्या बाजूला दूरवर सह्याद्री आणि मधून गेलेली एक रेघ. प्रत्यक्षात जांभ्या दगडाचे सडे थेट समुद्रापर्यंत आलेले असतात आणि दर काही किलोमीटरवर एखादी खाडी त्यांना आरपार कापून गेलेली असते. रस्ता बिचारा काय करणार? सड्यावरून खाडीत उतरतो, पूल किंवा जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, गाठतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच, घाट चढणाऱ्या मंडळींना हसू यावं इतका. पण दिवसभरात असे सात-आठ झाले की उंचीची बेरीज सहज हजार मीटरपर्यंत जाते.

हजार मीटर म्हणजे किती, ते शाळेतल्या सूत्रानं काढता येतं. माणूस ७० किलो, सायकल १३, सामान ७. एकूण ९० किलो. हे वजन हजार मीटर वर न्यायला सुमारे ८८० किलोज्यूल काम लागतं. इथं एक सोयीचा योगायोग आहे. आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोचवतं आणि एका किलोकॅलरीत साधारण ४.२ किलोज्यूल असतात. त्यामुळं पॅडलवर जितके किलोज्यूल, पोटातून जवळपास तितक्याच किलोकॅलरी. ८८० किलोकॅलरी म्हणजे मध्यम आकाराच्या आठ-नऊ पोळ्या. हा फक्त चढांचा हिशेब झाला. सपाटीचा, वाऱ्याचा आणि खड्ड्यांचा वेगळा.

असा एक दिवस कुणीही जिद्दीवर मारून नेतो. लांबच्या सायकलप्रवासाची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला असते, जेव्हा कालच्याच सीटवर पुन्हा बसायचं असतं. माझ्या मते सगळी तयारी त्या एका क्षणासाठी करायची असते. किती वेगानं जाता येतं हा प्रश्न दुय्यम आहे. काल जे केलं तेच आज पुन्हा करता येतं का, हे महत्त्वाचं.

याचं उत्तर ज्या प्रयोगानं दिलं तोही सायकलवरचाच. १९६६ साली स्वीडनमधल्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. व्यायामाच्या एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकानं फक्त एका पायानं पॅडल मारलं, पार दमेपर्यंत. दुसरा पाय आराम करत होता. मग तीन दिवस पिष्टमय पदार्थांवर ताव मारला आणि रोज सुईनं दोन्ही मांड्यांमधला स्नायूचा कण काढून तपासला. दमलेल्या पायातला ग्लायकोजेनचा साठा आधी जवळजवळ संपला होता. तीन दिवसांत तो आराम केलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला. रक्त एकच, जेवण एकच, पण ज्या पायानं कष्ट केले त्यानंच साठा जास्त भरून घेतला.

ग्लायकोजेन म्हणजे शरीरानं साठवलेली साखर. स्नायूंमध्ये चारशे-पाचशे ग्रॅम, यकृतात शंभरेक ग्रॅम, एवढीच ही शिध्याची पिशवी. सगळं मिळून दोन-अडीच हजार किलोकॅलरी. चरबीचा साठा याच्या कितीतरी पट मोठा असतो, पण ती सावकाश जळते. चढावर लागणारी तातडीची ऊर्जा साखरच देते. पिशवी रिकामी झाली की काय होतं ते सायकलवाल्यांना ठाऊक आहे. पाय दुखत नाहीत, दमही लागत नाही, फक्त पॅडल फिरेनासं होतं, डोकं सुन्न होतं आणि सोबत्यांवर विनाकारण चिडचिड सुरू होते. पिशवी पुन्हा भरायला साधारण २४ तास लागतात, तेही नीट जेवलं तर. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आपल्याला मिळतात पंधरा-सोळा.

म्हणून मुक्कामाला पोचल्यावरचे पहिले काही तास मोलाचे. तेव्हा स्नायू साखर झपाट्यानं ओढून घेतात. बहुतेक जण नेमके त्याच वेळी आंघोळ, फोटो आणि गप्पांत रमतात आणि जेवायला रात्री नऊला बसतात. शहरात हल्ली भाताला नावं ठेवायची फॅशन आहे. ती अलिबागलाच सोडून यावी. संध्याकाळी पोचताच आंबोळी-घावन आणि रात्री भाताचा डोंगर, यापेक्षा चांगलं औषध कोकणात दुसरं नाही.

वाटेतलं खाणं हा वेगळाच विषय, कारण तिथं अडचण आतड्याची आहे. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज एकटं आत जात नाही. सोडियमचा हात धरून जातं आणि त्यांच्या मागून पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथं ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, त्यामागचं तत्त्वही हेच. आपलं मीठ घातलेलं लिंबू सरबत त्याच घराण्यातलं. आतड्यातल्या या सोडियम-ग्लुकोजच्या दरवाजातून तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज आत जाऊ शकतं. फ्रुक्टोजसाठी शेजारी दुसरा दरवाजा आहे, त्यामुळं दोन्ही मिळून आकडा ९० पर्यंत नेता येतो. गुळात आणि केळ्यात दोन्ही साखरा असतात, तेव्हा परदेशी जेलच्या पुड्यांवाचून अडत नाही. पण आतड्यालाही सराव लागतो. घरी कधी चालत्या सायकलवर काही खाल्लं नसेल, तर गुहागरच्या चढावर तिसरं केळं खाऊन पोट ढवळणारच. आणि तासन् तास नुसतं साधं पाणीच ढोसत राहणं हीदेखील चूक. रक्तातलं सोडियम पातळ झालं तर ते जिवावर बेतू शकतं.

अन्नाचा पाव भाग पॅडलला गेला, उरलेला पाऊण उष्णता होतो. ती बाहेर काढायचं काम घामाचं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच: तो वाळला पाहिजे. कोकणच्या दमट हवेत तो वाळत नाही, हनुवटीवरून टपकतो, आणि टपकलेल्या घामाचा थंडाव्यासाठी काही उपयोग नसतो. सपाटीला सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की तो पंखाही बंद. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून बहुधा वायव्येचा वारा सुटतो, त्यामुळं दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो. पाय खूश होतात, पण अंगाला वारा लागत नाही म्हणून जास्त उकडतं. यावर तोडगा वैज्ञानिक कमी आणि आजीच्या वळणाचा जास्त: पहाटे निघा, अकराच्या आत मोठे चढ उरका. पुण्याच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्यांनी तर एक-दोन दिवस आधीच खाली उतरलेलं बरं. दमट उष्म्याशी पूर्ण जुळवून घ्यायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात, पण सुरुवात पहिल्या काही दिवसांतच होते.

आता बसायच्या जागेबद्दल. या विषयावर लोक खासगीत बोलतात, लेखात कुणी लिहीत नाही. सीटवर वजन पडायला हवं ते बैठकीच्या दोन हाडांवर. दुकानात अंगठ्यानं दाबून निवडलेली गुबगुबीत जेलची सीट पहिला तासभर छान वाटते. मग हाडं तिच्यात रुततात आणि मधला मऊ भाग, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तो वर दाबला जातो. म्हणून लांब पल्ल्याला हाडांच्या रुंदीला बेतलेली, थोडी कडकच सीट बरी. पॅडच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, हे नव्यांना सांगावं लागतं. तिची शिवण हजारो वेळा एकाच जागी घासते. ओल्या त्वचेचं घर्षण कोरडीपेक्षा जास्त असतं आणि कोकणात रात्रभर वाळत घातलेले कपडे सकाळी दमटच असतात. दोन जोड पुरत नाहीत. तिसरा घ्या, हवं तर एक टीशर्ट कमी करा. हातांचंही तसंच. हँडलवर तळव्याचा करंगळीकडचा भाग दबत राहिला तर करंगळी आणि अनामिका बधीर होतात, काहींना परतल्यावर आठवडाभर शर्टाची बटणं लावता येत नाहीत. पकड बदलत राहणं हाच उपाय.

एकट्यानं गेलं तर इथवर सगळं संपतं. गटात मात्र गणित बदलतं. समजा, रस्ता असा आहे की कुठल्याही एका सायकलला दिवसभरात पंक्चर होण्याची शक्यता दहात एक आहे. एकट्याच्या दृष्टीनं हे किरकोळ. पण पंधरा जणांच्या गटात एकही पंक्चर न होण्याची शक्यता ०.९ चा पंधरावा घात, म्हणजे फक्त २१ टक्के. पाचपैकी चार दिवस कुणाचं तरी टायर बसणार आणि सगळे थांबणार. तेव्हा पंक्चर हा अपघात न समजता वेळापत्रकातलाच भाग समजावा. ट्यूबचा आकार आणि व्हॉल्व्ह शक्य तितक्यांचे सारखे असावेत, आणि मागचं चाक काढून बसवणं प्रत्येकानं घराच्या गच्चीत निदान दोनदा केलेलं असावं. आमच्या एका सहलीत पंप चार होते, चारही एकाच जातीच्या व्हॉल्व्हचे. पंक्चर अर्थातच दुसऱ्या जातीच्या झाल्या.

गटाचा फायदा सपाटीला मिळतो. ताशी २० किलोमीटरला निम्म्याहून अधिक जोर हवा कापण्यात जातो, आणि हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. २० वरून २५ ला जायचं तर ती जवळपास दुप्पट. पुढच्याच्या मागे नीट राहिलं तर हा भार बराच हलका होतो. २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी १२१ शर्यतवाल्यांच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा आतल्या काहींना एकट्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के अवरोध होत असल्याचं दिसलं. पण ते वीतभर अंतर ठेवून चालवणारे व्यावसायिक. सामान लादलेल्या सायकली, जांभ्याची खडी आणि अचानक आडवी येणारी म्हैस या परिस्थितीत त्यांची नक्कल करू नये.

शिवाय लांब रांगेला स्वतःचा एक रोग असतो. पुढच्यानं खड्डा पाहून किंचित ब्रेक दाबला, दुसऱ्याला ते क्षणभर उशिरा कळलं म्हणून त्यानं जास्त दाबला, आणि दहाव्याचा पाय जमिनीला टेकला. मग अंतर भरून काढायला तो ऊर फुटेस्तोवर पळवतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगानं चालवायला सांगितल्या, तेव्हा काहीही अडथळा नसताना कोंडी तयार झाली आणि ती मागे मागे सरकत गेली. सायकलींची रांग यापेक्षा वेगळी वागत नाही. नवख्याला 'सांभाळून घ्यायला' शेवटी ठेवलं जातं आणि तोच सर्वांत जास्त दमतो. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवा, शेपटीला जाणता माणूस. पंधराच्या पाच-पाचच्या तीन टोळ्या केल्या तर मागून येणाऱ्या एसटीलाही मध्ये शिरायला जागा मिळते. चढावर मात्र कुणी कुणाला मदत करू शकत नाही; वेग इतका कमी की हवेचा प्रश्नच उरत नाही. तिथं ज्यानं त्यानं आपल्या चालीनं जावं आणि माथ्यावर वाट पाहावी.

सरावाला अडीच-तीन महिने मिळाले तर उत्तम. शरीराचे सगळे भाग एका वेगानं तयार होत नाहीत. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण आठवड्याभरात वाढतं. स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रिया वाढायला कित्येक आठवडे लागतात, आणि गुडघ्याच्या कंडरा सर्वांत आळशी. म्हणून दीड महिन्यानं दमसास वाढल्याचं जाणवतं, गडी जोशात जड गिअर टाकतो आणि नेमका तेव्हाच गुडघा बोलू लागतो. मिनिटाला ७५-८० फेऱ्या फिरतील असा हलका गिअर ठेवावा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहील इतकी सीटची उंची असावी. आणि शनिवारी एकदाच दीडशे किलोमीटर मारण्यापेक्षा शनिवारी ऐंशी आणि रविवारी पुन्हा ऐंशी, सामानासकट. पुणेकरांना बोपदेव घाट आहे, ठाणेकरांना येऊर. हा रविवार टाळणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. ते पुढे दापोलीच्या अलीकडे मागच्या टेम्पोत भेटतात.

टेम्पोत बसण्यात लाज काही नाही, पण दाभोळच्या जंगलजेट्टीवर सायकल घेऊन चढण्याची मजा हुकते. आमचा दुसरा दिवस होता. धोपाव्याला उतरून पुन्हा चढ आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी फोटो काढत नव्हतं. जो तो चिक्की चघळत होता, टायर दाबून पाहत होता, आणि पंधरा हँडलांवर पंधरा ओल्या चड्ड्या खाडीच्या वाऱ्यावर वाळत होत्या.