नो-पार्किंगमधली स्कूटर आणि सरकारी नोकरी

पनवेल स्टेशनबाहेर नो-पार्किंगमध्ये स्कूटर लावली, प्रकरण कोर्टात गेलं, गुन्हा शाबीत होऊन दंड झाला. एवढ्यावरून सरकारी कारकुनाची नोकरी जाईल?

हसू नका. असला प्रश्न खुद्द सरन्यायाधीशांना पडला होता!

सरकारी नोकराभोवती राज्यघटनेच्या ३११व्या कलमाची भिंत आहे. आरोप सांगा, चौकशी करा, त्याचं ऐकून घ्या, मगच बडतर्फ करा. पण भिंतीला एक दिंडी ठेवलीय. ज्या वागण्यावरून फौजदारी कोर्टात दोषी ठरला, त्यावरूनच काढायचं असेल तर ही चौकशी लागत नाही. गुन्हा केवढा, ते कलमात लिहिलेलंच नाही! म्हणजे खून आणि स्कूटर, दोन्ही त्याच दिंडीतून आत.

१९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांपुढे दिल्लीच्या दूध योजनेतला एक कॅश क्लार्क आला. पाचशे रुपयांचा अपहार. पैसे भरले, गुन्हा कबूल केला. घरची संकटं पाहून मॅजिस्ट्रेटनं त्याला तुरुंगात न धाडता १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली, चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडलं. ऑफिसनं मात्र तडकाफडकी घरी बसवलं.

आता गंमत बघा. याच कायद्याचं १२वं कलम म्हणतं, अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटणार नाही. खोडरबरच की! पण कोर्ट म्हणालं, हा रबर इतर कायद्यांनी घातलेली अपात्रता पुसतो, खात्याचे हात बांधत नाही.

म्हणजे क्लार्क हरला? छे! शिक्षेचा अधिकार आहे म्हणून वाटेल तेवढी द्यायची का? चंद्रचूडांनी स्कूटरचा दाखला दिला आणि नोकरी थकलेल्या पगारासकट परत केली.

खरा पक्का रबर मुलांच्या वाट्याला आलाय. २०१५च्या बालन्याय कायद्यात अपात्रता नाहीच, वर मुदतीनंतर नोंदही नष्ट. अपवाद सोळा ओलांडलेल्या, प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्यांचा.

बाकीच्यांपुढे सरकारी नोकरीत शिरताना साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी असल्याचं लिहून देणारा फॉर्म येतो. गुन्हा दाखल? शिक्षा? खरं लिहिलं तरी नेमणूक मिळेलच असं नाही, आणि लपवलं तर लपवणं हाच नवा दोष! तरीही २०१६च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक गोष्ट दडवली असेल, तर नोकरी देणारं खातं ती पोटात घालू शकतं. शिवाय फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा. जे विचारलंच नाही, ते दडवल्याचा ठपका उमेदवारावर येत नाही.