हवाईदलप्रमुख इद्रिस हसन लतीफ

मुस्लिम सेनानींची नावे विचारली, की आपली मुले ब्रिगेडियर उस्मान आणि वीर अब्दुल हमीद ही दोन नावे चटकन सांगतात. दोघांनीही रणांगणावर शहादत पत्करली. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही. देशाची सेवा प्राण देऊन होते, तशीच आयुष्यभर चोख काम करूनही होते, हे त्यांच्या कारकिर्दीतून दिसते.

लतीफसाहेबांचा जन्म ९ जून १९२३ रोजी हैदराबादेत झाला. निजाम कॉलेजात शिकलेला हा तरुण १९४२ मध्ये, विशी गाठण्यापूर्वीच हवाईदलात अधिकारी झाला. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. ब्रिटनच्या हवाईदलात पाठवलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत त्यांची निवड झाली. तिथे ते हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने चालवायला शिकले. १९४४ मध्ये परतल्यावर ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले.

१९४७ मध्ये देशाबरोबर हवाईदलाचीही वाटणी झाली. मुस्लिम अधिकाऱ्यांना भारत किंवा पाकिस्तान यांतून निवड करायची होती. पुढे पाकिस्तानचे हवाईदलप्रमुख झालेले असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सहकारी. त्यांनी लतीफसाहेबांना पाकिस्तानात येण्याचा आग्रह केला. लतीफसाहेबांनी भारतातच राहायचे ठरवले.

या निर्णयाचे त्यांनी कधी भांडवल केले नाही. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या आकाशात विमानांनी सलामी दिली, तिचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १९७१ च्या युद्धात ते हवाईदलाच्या मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी सांभाळत होते. १ सप्टेंबर १९७८ रोजी ते हवाईदलप्रमुख झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले मुस्लिम अधिकारी. कितीतरी वर्षे रेंगाळलेली जग्वार विमानांची खरेदी त्यांच्याच काळात मार्गी लागली. १९८१ मध्ये मिग-२५ विमाने आली, तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या प्रमुखांनी त्या विमानातूनही भरारी घेतली.

१९८२ ते १९८५ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ या लेखिका होत्या. राजभवनात राहत असतानाही त्यांनी धारावीच्या वस्तीत जाऊन काम केले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. राज्यपालपदानंतर लतीफसाहेब फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. ३० एप्रिल २०१८ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांना मगफिरत अता करो.

‘आपल्या मुलांना तिथे कोण घेणार?’ असे आपल्या घरांतून अनेकदा ऐकू येते. ही शंका मुलाच्या मनात बसली, तर तो अर्जच भरत नाही, आणि न भरलेल्या अर्जाची निवड कुठेच होत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते. वैमानिक व्हायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. २०२२ पासून तिथे मुलीही शिकत आहेत. दहावीनंतर या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरात मुलांसाठी आणि नाशिकला मुलींसाठी आहे. घरात नववी-दहावीचे मूल असेल, तर अम्मी-अब्बांनी त्याच्याबरोबर बसून ही माहिती आजच पाहावी.