गोळी तीच, वाट वेगळी

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधले डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या डोकेदुखीवर उतारा शोधत होते. मेंदूच्या एका वेदनादायी तपासणीनंतर मुलांचं डोकं ठणकायचं, म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामाइन देऊन पाहिलं. डोकेदुखी काही हटली नाही, पण बरीच मुलं वर्गात शांत बसून अभ्यास करू लागली. १९३७ साली ब्रॅडलींनी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. मुलांनी तर या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असंच नाव देऊन टाकलं होतं.

आज एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असलेल्या मुलांना मेथिलफेनिडेट, म्हणजे रिटालिनमधलं औषध, दिलं जातं. मेंदूतलं डोपामाइन पुन्हा शोषून घेणारे पंप ते अडवतं. कोकेनही हेच करतं! हे ऐकून आईवडील हादरतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण संशोधक नोरा व्होल्कॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा खरा फरक वेगात दिसला. पोटातून गेलेलं मेथिलफेनिडेट मेंदूत पुरतं पोचायला तासभर घेतं. शिरेतून दिलं, तर जेमतेम दहा मिनिटं. नशा चढते ती डोपामाइन झपाट्यानं उसळतं तेव्हा. गोळी कुटून नाकात ओढणारा मुलगा नेमका हाच वेग मिळवत असतो. लिस्डेक्सअ‍ॅम्फेटामाइन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधात म्हणूनच मूळ घटकाला लायसीन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं. रक्तात ते तुटेपर्यंत औषध निष्क्रिय राहतं, त्यामुळे ओढूनही घाई साधत नाही.

मग उपचार घेणारी मुलं पुढे व्यसनी होतात का? २०१३ साली १५ अभ्यासांतल्या अडीच हजारांहून अधिक जणांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचारांनी व्यसनाचा धोका वाढल्याचं दिसलं नाही, घटल्याचंही नाही. त्यामुळे ‘सवय लागेल’ म्हणून गरजू मुलाचा उपचारच टाळणं मला चुकीचं वाटतं.

काळजी आहे ती शेजारच्या बाकावरच्या मित्राची. अमेरिकी शाळांच्या २०२३च्या एका अभ्यासात काही शाळांत डॉक्टरांनी लिहून न देता अशी औषधं घेण्याचा गैरवापर शून्य, तर काहींत चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांत आढळला. परीक्षेच्या आदल्या रात्री मागून घेतलेल्या गोळीनं हुशारी वाढते, हा समजही कच्चा. मेलबर्नमध्ये ४० निरोगी प्रौढांवर झालेल्या प्रयोगात औषध घेतल्यावर धडपड वाढली, उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. ऑनलाइन घेतलेल्या गोळीत तर भलतंच काही असू शकतं. अमेरिकेत अशा नकली गोळ्यांत मेथअ‍ॅम्फेटामाइन आणि फेंटानिल सापडलं आहे.

भारतात मेथिलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतं. घरात हे औषध असेल, तर ते कुलपात ठेवा, गोळ्या मोजा आणि रोजची गोळी स्वतःच्या हातानं द्या.