एका चढाईपटूचे मोल

जळगाव-धुळ्याकडच्या गावांतून रात्रीच्या दिव्यांखाली कबड्डीचे सामने रंगतात तेव्हा, आणि त्याहूनही अधिक प्रो कबड्डीचा लिलाव जवळ येतो तेव्हा, एक वाद हटकून निघतो: ज्याच्या हाती चढाई सोपविली की गुण आलाच समजावे, असा एकच मातबर गडी अर्धा खजिना रिता करून घ्यावा की न घ्यावा? हा वाद मला क्षुल्लक वाटत नाही, कारण त्यात एकाच्या कर्तृत्वाचा आणि उरलेल्या सहांच्या संधीचा हिशेब गुंतलेला आहे. परंतु दोन्ही पक्ष ज्या समजुतींच्या आधारावर भांडतात, त्यांतील पुष्कळशा वस्तुस्थितीच्या कसोटीला उतरत नाहीत.

ज्याचे गुण सर्वांत अधिक त्याचा संघ विजयी, ही त्यांतील सर्वांत खोल रुजलेली समजूत. 2017 साली प्रदीप नरवालने चढाईचे 369 गुण मिळविले आणि पाटणा पायरेट्सने सलग तिसरे अजिंक्यपद जिंकले, तेव्हापासून ती अधिकच दृढ झाली. परंतु त्याच प्रदीपने त्याच संघासाठी 2019 मध्ये 302 गुण मिळविले, आणि पाटणा मात्र बारा संघांत आठवा राहिला. अजिंक्यपदाच्या वर्षी प्रदीपच्या जोडीला मोनू गोयत हा दुसरा समर्थ चढाईपटू होता. त्याला पुढच्याच लिलावात हरियाणा स्टीलर्सने 1.51 कोटी रुपयांस नेले, आणि ती जागा रिकामी झाली हे लोकांच्या ध्यानात राहिले नाही. 2021 मध्ये खुद्द प्रदीपही 1.65 कोटींस यूपी योद्धाकडे गेला, तेव्हा पाटण्याचा निकाल लागला असेच सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात त्याच्यावाचून खेळणारा तो संघ साखळीत अव्वल ठरला आणि अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून 36-37 असा केवळ एका गुणाने हरला.

याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. सामना चाळीस मिनिटांचा, चढाई तीस सेकंदांची आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीची. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला चढाया येतात त्या मोजक्याच. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी जसे पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पाळीपाळीने सर्व फडांना पोचते, आणि एकाच शेताने पाट अडवून धरला तर खालची शेते करपतात, तसेच येथे होते. मुख्य चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो, आणि त्याला पुन्हा मैदानात आणणारा गुण ज्याने मिळवायचा, तो दुसरा गडी एरवी चढाईच न मिळाल्यामुळे अंगणात बुजलेला असतो. बोनसच्या गुणाने बाद गडी जिवंत होत नाही. त्यासाठी प्रतिपक्षाचा गडी टिपावा लागतो, नाहीतर त्याची पकड करावी लागते. म्हणून मातबर चढाईपटूचे भवितव्य बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या पायांपेक्षा मागच्या कोपऱ्यातील पकडपटूच्या हातांत असते.

तथापि यावरून एका गड्याच्या बळावर अजिंक्यपद मिळतच नाही असे म्हणणे हा उलट्या बाजूचा गैरसमज होय. 5 जानेवारी 2019 रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सच्या 38 गुणांपैकी 22 एकट्या पवन सेहरावतचे होते. पण कर्णधार रोहित कुमार हा स्वतः नावाजलेला चढाईपटू त्याच संघात होता, हेही त्या 22 गुणांबरोबर सांगितले पाहिजे. त्याच पवनला 2022 मध्ये तमिळ थलैवाजने 2.26 कोटींस घेतले. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामाला मुकला, आणि संघ बुडेल ही अटकळ खोटी ठरवून नरेंदर कंडोला या तरुणाच्या चढायांवर थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. पवन खेळला असता तर नरेंदरला इतक्या चढाया मिळाल्या असत्या काय, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आता पैशाविषयी. एकावर अर्धा खजिना उधळणे हाच अपराध, असे पुष्कळ जाणते लोकही म्हणतात. 2023 च्या लिलावात प्रत्येक संघाची मर्यादा पाच कोटींची असताना तेलुगू टायटन्सने पवनवर 2.605 कोटी लावले आणि 22 सामन्यांत दोन विजय मिळवून तो संघ तळाला गेला, एवढेच पाहिले तर हे म्हणणे पटते. परंतु त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर 2.35 कोटी लावले होते, म्हणजे तोही जवळजवळ अर्धाच खजिना. आणि 1 मार्च 2024 रोजी हरियाणाला 28-25 असे नमवून पलटणने आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. शादलुई डाव्या कोपऱ्यातील पकडपटू. त्याच्या कामगिरीने कोणाची चढाई हिरावली जात नाही. उलट त्याच्या प्रत्येक पकडीने बाहेर बसलेला एक सहकारी परत येतो. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे या चढाईपटूंना त्याच्यामुळे पाळ्या मिळाल्या. पुढच्या वर्षी 2.07 कोटींस हरियाणाने त्याला घेतले, आणि अजिंक्यपद हरियाणाकडे गेले.

अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये चेंडू सतत स्वतःच्या हाती ठेवणाऱ्या खेळाडूंविषयी हाच वाद चालतो. रसेल वेस्टब्रुकला लॉस एंजेलिस लेकर्सने 2021 मध्ये अदलाबदलीत घेतले, तेथे लेब्रॉन जेम्सच्या हातीही चेंडू लागतच होता, आणि 82 पैकी 49 सामने हरून तो संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. ज्या संघात दुसरा भरवशाचा चढाईपटू आणि दोन्ही कोपरे आधीच पक्के आहेत, त्याने पवनसारख्या गड्यासाठी बेलाशक बोली वाढवावी. ज्याच्याजवळ ते नाहीत, त्याने ती रक्कम प्रथम कोपऱ्यांवर लावावी.