गाठ पक्की कशाने होते?

करकचून ओढली आणि वर आणखी दोन वेढे मारले की गाठ पक्की, असा बहुतेकांचा समज असतो. मग ती सोडवताना नखं दुखतात, शेवटी कात्री येते आणि चांगली दोरी वाया जाते. गाठीचा पक्केपणा मुख्यतः तिच्या रचनेत असतो.

बुटाची लेसच घ्या. ती सैल बांधल्यामुळे सुटते असं वाटतं. २०१७ मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी धावत्या बुटाचं संथगती चित्रण करून खरं कारण दाखवलं. पाऊल जमिनीवर आपटलं की गाठ किंचित ढिली होते आणि झुलणाऱ्या पायाबरोबर लेसची मोकळी टोकं तिला ओढत राहतात. यात ‘ग्रॅनी’ गाठ लवकर हार मानते, ‘रीफ’ जास्त टिकते. दोघींत फरक एवढाच, की रीफमध्ये दुसरी अढी पहिलीच्या उलट दिशेने घेतलेली असते. तुमच्या बुटावरचे फासे आडवे न राहता टाचेकडून बोटांकडे वळत असतील, तर ती ग्रॅनी आहे. पहिली अढी उलट दिशेने घ्या, लगेच फरक दिसेल.

म्हणून रीफ सगळीकडे चालते असंही नाही, आणि हा गैरसमज जास्त धोक्याचा आहे. मलमपट्टी बांधायला, गठ्ठा आवळायला ती उत्तम. पण वजन पेलणारे दोन दोर जोडायला ती वापरू नये, असं क्लिफर्ड अ‍ॅशली यांनी १९४४ च्या आपल्या गाठींच्या ग्रंथात बजावलं आहे. एक टोक झटक्याने ओढलं तरी ती निसटते. मांडवाचा जाड काथ्या अपुरा पडला आणि त्याला बारीक दोरी जोडायची झाली, तर ‘शीट बेंड’ घालावी. जाड दोराचा वाकवून फासा करायचा, बारीक दोरी त्यातून वर काढायची, दोन्ही पदरांमागून फिरवायची आणि तिच्याच खाली खोचायची. नायलॉन निसरडा असतो, तिथे मागून दोन वेढे घ्यावेत.

गाठीमुळे दोर मजबूत होतो हेही खरं नाही. वळणावर बाहेरच्या तंतूंवर जादा ताण येतो आणि गाठीनुसार दोराची ताकद बरीच घटते.

गुराच्या गळ्यात सरकफास कधीच नको, ओढ बसली की तो आवळतो. त्याऐवजी ‘बोलाईन’ गाठ घालावी, तिचा फासा तेवढाच राहतो आणि नंतर सहज सुटतो. मात्र ताण नसताना हलत राहिली तर ती ढिली पडते. म्हणूनच कडे चढणारे गिर्यारोहक हार्नेसला सहसा दुपदरी ‘फिगर ऑफ एट’ बांधतात आणि चढण्याआधी एकमेकांची गाठ तपासतात.