परिसर-निसर्ग छायाचित्रण
परिसर-निसर्ग छायाचित्रण : राहत्या वस्तीभोवतीच्या नेहमीच्या वाटांवर आढळणाऱ्या वनस्पती, कीटक, पक्षी, माती व प्रकाश यांचे छायाचित्रण. अभयारण्यातील वन्य प्राण्यांच्या छायाचित्रणाहून ते दोन बाबतींत भिन्न आहे : त्याचा विषय सहसा दुर्मिळ नसतो आणि त्याचे स्थळ बदलत नाही. एकाच वाटेने पुनःपुन्हा जाणे, हीच त्याची पद्धती होय.

सामान्य वनस्पतींतील अलक्षित सौंदर्य छायाचित्रणाने प्रभावीपणे दाखविले, ते जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) याने. रस्त्याकडेच्या व लोहमार्गालगतच्या रानटी वनस्पतींची त्याने घेतलेली परिवर्धित चित्रे १९२८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मराठीत दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांनी *ऋतुचक्र* (१९५६) या ग्रंथात परिचित निसर्गाचे असेच सूक्ष्म निरीक्षण महिन्यामहिन्यांच्या क्रमाने शब्दबद्ध केले.

परिचित वस्तूची ओळख पटताच लक्ष तिच्यावरून निघून जाते. कॅमेऱ्याची चौकट वस्तूला परिसरापासून अलग करते, तर समीपचित्रण तिचे नेहमीचे प्रमाण बदलते. त्यामुळे केवळ ओळखणे थांबून पाहणे सुरू होते. प्रकाशाची दिशाही महत्त्वाची असते. सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हात पोत उठून दिसतो, तर पानामागून प्रकाश आल्यास त्याच्या शिरांचे जाळे स्पष्ट होते.

नागपूरच्या कडेच्या हुडकेश्वरसारख्या भागात या छायाचित्रणास भरपूर विषय मिळतात. काळ्या मातीच्या पडीक जमिनीला उन्हाळ्यात बहुभुजाकृती भेगा पडतात. मृगाच्या सरींनंतर लाल मखमली किडे वर येतात. पावसाळ्यात उगवणारा टाकळा (विदर्भातील तरोटा) सायंकाळी आपल्या पर्णिका मिटून घेतो. पाऊस ओसरताना फुलणाऱ्या कुरडूचे तुरे टोकाला गुलाबी व खाली रुपेरी असतात. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, तर बाभळीवर सुगरणीची लोंबती घरटी आढळतात. फाल्गुनात दुरून केशरी दिसणाऱ्या पळसफुलाचा काळसर, मखमली पुष्पकोश जवळून पाहिल्यावरच ध्यानात येतो.

शहराच्या विस्ताराबरोबर अशा जमिनींचे भूखंड पडतात आणि तरोटा-कुरडूसारख्या ‘तणां’ची नोंद न होताच ती तेथून नाहीशी होतात. म्हणून दिनांक व स्थळ नोंदविलेले साधे छायाचित्रही पुढे पुराव्याचे मूल्य पावते. एकाच झाडाची वर्षानुवर्षे घेतलेली चित्रे त्याच्या बहराच्या काळातील फरक दाखवू शकतात. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यामुळे अशी नोंद कोणासही शक्य झाली असून आयनॅचरलिस्ट (स्थापना २००८) यासारख्या जागतिक संग्रहांत ती अभ्यासकांना उपलब्ध होते. मात्र चित्रासाठी फूल तोडणे, अळी हलविणे किंवा घरट्याभोवतीच्या फांद्या दूर करणे निषिद्ध मानले जाते. घरटे उघडे पडल्यास पिले शिकारी पक्ष्यांच्या दृष्टीस पडतात.