ॲल्युमिनियमला काळा रंग : कोणते रसायन कशासाठी?

ॲल्युमिनियमला पक्का काळा रंग हवा असला, की बहुतेक जण आधी रंग शोधत बाजारात जातात. खरे तर यादीत रंग बराच खाली येतो. तो धातूवर बसत नाही. ॲनोडायझिंगने, म्हणजे आम्लाच्या द्रावणात वीजप्रवाह देऊन, धातूवर चढलेल्या ऑक्साइडच्या थरात तो मुरतो. या थरात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी अतिसूक्ष्म छिद्रे असतात. काळ्यासाठी त्यांत भरपूर रंग मुरावा लागतो, म्हणून थरही जाड लागतो, साधारण २० मायक्रॉन. पातळ थरावर जांभळट किंवा करडी झाक येते.

म्हणून पहिली खरेदी सल्फ्युरिक आम्लाची. द्रावणात ते वजनाने १५ ते २० टक्के असावे. बॅटरीत घालायचे आम्ल सुमारे ३५ टक्क्यांचे असते. तितक्याच पाण्यात ते मिसळले की काम भागते. मात्र आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानंतर आम्ल विकताना दुकानदाराला खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी लागते, तेव्हा कागदपत्रे सोबत ठेवा.

दुसरी खरेदी पाण्याची. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे थराला खड्डे पडतात आणि सिलिकेटमुळे सीलिंग बिघडते. आम्ल, रंग आणि सीलिंग या तिन्ही टाक्यांसाठी डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेले, पाणी घ्या.

वस्तू आधी कॉस्टिक सोड्यात साफ करायची. त्यावर उरणारी काळी काजळी नायट्रिक आम्लात निघते. मग २० अंश सेल्सियसच्या आसपास, दर चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर प्रवाह देऊन पाऊण तासाहून थोडे अधिक ॲनोडायझिंग करायचे. हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको.

आता रंग. कापडाच्या रंगाच्या पुडीत बरेचदा मीठ मिसळलेले असते आणि क्लोराइड पुन्हा टाकीत शिरते. दुकानात ‘ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा काळा रंग’ असेच मागा आणि उत्पादकाचे माहितीपत्रक घ्या. लिटरला साधारण १० ग्रॅम, तापमान ५५ ते ६० अंश, सामू ५ ते ६ आणि वेळ १५-२० मिनिटे, असे आकडे त्यात सहसा असतात. उन्हात राहणाऱ्या खिडक्यांच्या चौकटींसाठी मात्र स्टॅनस सल्फेटच्या द्रावणात प्रत्यावर्ती वीजप्रवाह देऊन छिद्रांच्या तळाशी कथिल बसवतात. हा काळा रंग सहजी विटत नाही.

शेवटी सीलिंग, म्हणजे छिद्रे बुजवणे. निकेल ॲसिटेटमध्ये रंग कमी सुटतो, पण निकेलचे क्षार कर्करोगकारक आहेत. सांडपाण्यावर प्रक्रिया करायची सोय नसेल, तर दर मायक्रॉनला तीन मिनिटे या हिशेबाने उकळत्या डीएम पाण्यातच वस्तू ठेवा. थोडा रंग पाण्यात उतरेल, पण निकेल गटारात जाणार नाही.